हिरा चमकतो तो कोनामुळे

चवथीच्या तोंडावर पणजी-मडगावच्या सराफी दुकानांत हिऱ्याची अंगठी घेताना गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते: हिरा किती सेंटचा आणि त्यात डाग आहे का? पैलू कोणत्या कोनात पाडले आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही.

बहुतेक नैसर्गिक हिरे 150 ते 200 किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली कार्बनचे अणू घट्ट रचले जाऊन तयार झाले आणि किंबरलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाबरोबर वर आले. त्यांची प्रतवारी वजन, रंग, निर्मळता आणि पैलूकाम यांवरून होते. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम किंवा 100 सेंट. रंगाची श्रेणी रंगहीन डीपासून पिवळसर झेडपर्यंत जाते. हा पिवळेपणा बहुधा स्फटिकातील नायट्रोजनमुळे येतो. समोरून पाहताना चमक तो झाकून टाकते, म्हणून पारखी हिरा उपडा ठेवून रंग ठरवतात. निर्मळता दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तपासली जाते.

खरी गंमत पैलूकामात आहे. घन माध्यमातून विरल माध्यमाकडे निघालेल्या किरणाने पृष्ठभागाच्या लंबाशी क्रांतिक कोनापेक्षा मोठा कोन केला, तर तो बाहेर न पडता पूर्णपणे आत परावर्तित होतो, हे शाळेत शिकलेले आठवत असेल. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, 2.42 असल्यामुळे त्याचा क्रांतिक कोन अवघा 24.4 अंश आहे; साध्या काचेचा सुमारे 41.8 अंश. हिरे घडवणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल टोलकोव्स्की यांनी 1919 मध्ये गोल हिऱ्याच्या खालच्या पैलूंसाठी 40.75 अंशांचा उतार सुचवला. वरून सरळ आत आलेला किरण अशा पैलूच्या लंबाशी 40.75 अंशांचा कोन करतो, तेथून परतून समोरच्या पैलूवर 57.75 अंशांनी आदळतो आणि पुन्हा वर वळतो. उभ्या रेषेपासून 17 अंश कललेला हा किरण माथ्याकडून बाहेर पडताना त्यातील रंग फाकतात. काचेला हुबेहूब हाच आकार दिला, तर पहिल्याच पैलूवर कोन 41.8 पेक्षा कमी पडतो आणि बराच प्रकाश खालून निसटतो.

पूर्ण कॅरेट भरला की भाव एकदम चढतो, त्यामुळे वजन राखण्यासाठी हिऱ्याची खालची बाजू गरजेपेक्षा खोल ठेवण्याचा मोह कारागिराला होतो. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण 6.5 मिलिमीटर रुंद असतो. खोल घडवलेला तेवढ्याच वजनात लहान दिसतो आणि मधोमध काळवंडतो. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने गोल हिऱ्यांच्या पैलूकामाला श्रेणी देणे 2006 मध्ये सुरू केले, हे फार उशिरा झाले असे मला वाटते.

हिरकणी विषारी असते आणि हिरा घणाने फुटत नाही, या समजुती पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथातच खोडून काढल्या होत्या. हिऱ्यावर ओरखडा उठवणे कठीण असले, तरी ठरावीक प्रतलांवर घाव बसल्यास तो दुभंगतो. तरीही हिरा कोणाला मानवतो आणि कोणाला नाही, याची चर्चा आजही गंभीरपणे चालते.

चमक मंदावण्याचे कारण ग्रहांत नव्हे, अंगठीच्या मागच्या बाजूला शोधावे. हिऱ्याला पाणी धरत नाही, तेलकटपणा मात्र चटकन चिकटतो. खाणींत खडीतून हिरे वेगळे काढण्यासाठी ग्रीस लावलेली टेबले याच गुणामुळे वापरली जात. खालच्या पैलूंवर खोबरेल तेलाचा थर बसला, की तेथील क्रांतिक कोन 24.4 वरून सुमारे 37 अंशांवर जातो आणि तिरपे आलेले अनेक किरण त्या थरातून निघून जातात. कोमट साबणाच्या पाण्यात अंगठी थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने मागची बाजू घासली, तर एवढी तूट घरीच भरून निघते.