आइक्सफेल्डच्या ढालीवरचं चाक

जर्मनीतल्या आइक्सफेल्ड या ग्रामीण जिल्ह्याच्या मानचिन्हात लाल रंगावर सहा आऱ्यांचं चंदेरी चाक आहे. माइन्झच्या एका आर्चबिशपचे वडील चाकं बनवणारे सुतार होते, त्यांची आठवण म्हणून हे चाक आलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोष्ट लोभस आहे, म्हणूनच टिकली. पण साल जुळवून पाहा. ते आर्चबिशप १०११ मध्ये वारले आणि ढालींवर अशी चिन्हं युरोपात रुळली ती १२व्या शतकाच्या मध्याला. चाक आहे माइन्झच्या सत्तेचं: १८०२ पर्यंत हा मुलूख माइन्झच्या आर्चबिशपांकडे होता. खात्री करायची तर माइन्झ शहराचं मानचिन्ह शेजारी ठेवा. तशीच दोन चाकं, मध्ये क्रूसानं जोडलेली. एरफुर्ट या जर्मन शहराच्या ढालीवरही तेच चाक, कारण तिथेही अंमल माइन्झचाच होता.