मेण उतरवण्याचे टॉवेल

मोटारीच्या रंगावर लावलेले मेण किंवा सीलंट (मेणाऐवजी लावतात तो कृत्रिम संरक्षक लेप) वाळल्यावर जो पांढुरका थर दिसतो, तो पुसून चकाकी आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खास कापडाला मेण उतरवण्याचा टॉवेल म्हणतात. हल्ली हे टॉवेल बहुधा मायक्रोफायबरचे असतात. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) यांचे एकत्र काढलेले तंतू चिरून बारीक केलेले असल्याने त्यांच्या फटींत मेणाची पूड अडकते आणि रंगावर घासली जात नाही. तंतू चिरलेले आहेत की नाही, हे कोरड्या, खरखरीत बोटांनाही कळते: कापड त्वचेला किंचित चिकटल्यासारखे वाटते.

पॉलिएस्टर व पॉलिअमाइडचे प्रमाण सहसा ८०:२० किंवा ७०:३० असते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम अशी मोजतात. जितका जाड तितका चांगला, असा एक समज आहे, पण वाळलेले मेण उतरवताना तो फसवतो. लांब लवेचा टॉवेल थरावरून नुसता सरकतो, तर ३०० ते ४०० जीएसएमचा, आखूड लवेचा टॉवेल तो खरवडल्याशिवाय उचलतो. त्यानंतर उरलेले धूसर पट्टे घालवण्यासाठी मात्र ५०० जीएसएमच्या आसपासचा लुसलुशीत टॉवेल हवा. म्हणून एकाऐवजी दोन टॉवेल बाळगणे केव्हाही श्रेयस्कर.

जाडीइतकेच लक्ष काठाकडे द्यावे. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) असतो, आणि शिवलेल्या कडक काठाने किंवा टाके घातलेल्या लेबलाने त्यावर उन्हात कोळिष्टकासारखे दिसणारे बारीक ओरखडे उठतात. काळ्या गाडीवर ते लगेच नजरेत भरतात. त्यामुळे बिनकाठी टॉवेल घ्यावा आणि लेबल असल्यास आधी उसवून काढावे. टॉवेलची चौघडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मेणाने भरली की दुसरीवर जावे, आणि टॉवेल जमिनीवर पडलाच, तर झटकून पुन्हा गाडीला लावू नये, कारण लवेत शिरलेला वाळूचा कण झटकल्याने निघतोच असे नाही.

हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुतल्यास सुताचे बारीक तंतू त्यांना चिकटतात, तर फॅब्रिक सॉफ्टनर तंतूंवर थर धरून त्यांची पकड घालवतो. सौम्य द्रव साबण, कोमट पाणी आणि सावलीतली वाळवण एवढे त्यांना पुरते.