पंचनाम्यात मनाचा रकाना नाही
आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराची पार्श्वभूमी

पूर ओसरला किंवा दरड कोसळली की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येतात. माणसं किती गेली, जनावरं किती दगावली, घर पूर्ण पडलं की अंशतः, पीक किती हेक्टरचं गेलं, सगळं लिहून घेतलं जातं. प्रत्येकाला ठरलेला दर आहे. मृताच्या वारसाला ४ लाख रुपये, दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७ हजार ५०० रुपये. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीनेकाठी पाणी शिरलं, रानातली माती खरडून गेली, तेव्हाही हेच रकाने भरले गेले. त्यानंतर पाऊस लागला की रात्री अंथरुणात उठून बसणारा माणूस मात्र या कागदावर कुठेच येत नाही.

तो कागदावर यावा म्हणून धडपड झाली आहे, आणि महाराष्ट्रापुरती तिची सुरुवात १९९३च्या किल्लारीच्या भूकंपापासून धरावी लागते. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. तेव्हा मदत म्हणजे धान्य, घोंगड्या, पत्रे. आपत्तीतून वाचलेल्याच्या मनावरच्या आघाताला जगाच्या वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान म्हणून नाव मिळालं तेच मुळी १९८० मध्ये. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तिथल्याच १९८१च्या सर्कशीच्या आगीत मुलं गमावलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. मग १९८४ची भोपाळची वायुदुर्घटना आली. ती आपत्ती नैसर्गिक नव्हती, पण मनाच्या उपचाराचा प्रश्न सरकारपुढे पहिल्यांदा ठळकपणे तिथे आला. एवढ्या माणसांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ देशात नव्हतेच. म्हणून वस्त्यांत आधीपासून काम करणाऱ्या साध्या डॉक्टरांनाच या कामाचं प्रशिक्षण दिलं गेलं. पुढच्या प्रत्येक आपत्तीत हाच मार्ग धरावा लागला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर जमीन हादरली आणि सुमारे ८ हजार माणसं गेली. मारलं भूकंपाने, तितकंच माळवदाने. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि लाकडी सऱ्यांवर टाकलेली मणामणाची माती, हे घर उन्हाळ्यात गार असतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधलं जात होतं. तेच अंगावर आलं. आदल्या वर्षीही त्या भागाला बरेच धक्के बसले होते. लोकांनी काही दिवस बाहेर झोपून पाहिलं होतं आणि पुन्हा घरात गेले होते. वाचलेल्यांच्या मनात ही गोष्ट फार खोल रुतली. आपणच लेकरांना आत निजवलं, हा विचार कुठल्याही मदतनिधीने निघत नाही.

वर पाऊस कोसळत होता. सरण अपुरं पडत होतं, एकेका चितेवर अनेक देह ठेवले जात होते. इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. दुःख पचवायची एक व्यवस्था आपल्याकडे मुळात आहे. सुतक, दहावा, तेरावा, रोज भेटायला येणारी माणसं, गळ्यात पडून रडणाऱ्या बाया, वर्षश्राद्ध. घरात चूल पेटत नाही तेव्हा शेजारचं घर पिठलं-भाकरी आणून देतं. किल्लारीत, सास्तुरात ही व्यवस्थाच ढिगाऱ्याखाली गेली. भेटायला यायचं ज्यांनी, त्यांच्याच घरी मयत. एका घरावर आलेलं दुःख गाव वाटून घेतं, पण अख्ख्या गावावर आलेलं दुःख कोण वाटून घेणार? बाहेरून आलेला मानसिक आधार ही चैन नाही, हे मला तरी इथून समजतं.

बाहेरून आले ते सगळेच आधार द्यायला आले नव्हते. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते अडले. पण त्याच गर्दीत अशी माणसंही होती जी वर्षानुवर्षं राहिली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं राहिलं. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त गावांत मानसिक आरोग्याचं काम आणि अभ्यास सुरू केला, त्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पाठबळ होतं. आगाशे बहुतेकांना नट म्हणून माहीत आहेत, त्यांचं हे काम फारच कमी लोकांना माहीत आहे.

अशा गावांत ‘मला नैराश्य आलंय’ असं कुणी म्हणत नाही. डोकं जड पडतं, अंगाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही, ‘धसका घेतलाय’. दवाखान्यात गोळी मिळते ती अंगदुखीची. मालमोटार गेली आणि जमीन जराशी थरथरली तरी लोक बाहेर पळत. पुढे सिमेंटची पक्की घरं मिळाल्यावरही कित्येक कुटुंबं कित्येक वर्षं दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिली.

त्या घरांबद्दल बोलायलाच हवं. जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रुंद रस्ते, सरळ रेषा, एकसारखी घरं. भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित, यात शंका नाही. पण जुन्या गावात एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्याशी बोलता येत होतं. भावकीची गल्ली होती, बोळ होते, परस होतं. नव्या गावात चुलत्याचं घर चार रस्ते पलीकडे गेलं. जिचा नवरा आणि सासू दोन्ही गेले, तिला ज्या शेजारणीच्या ओट्यावर बसून रडता आलं असतं, ती शेजारीण नकाशाने लांब नेऊन ठेवली. समुपदेशकाने आठवड्यातून एकदा येऊन हे भरून निघत नाही.

उलट उदाहरणही याच पुनर्वसनात आहे. हलवायची नव्हती अशा गावांत सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचं होतं. ते काम घरमालकांनी स्वतः करायचं, अभियंत्यांनी मार्गदर्शन करायचं, असं ठरलं. त्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावी बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. हप्ता कुठे अडला, सिमेंट कुणाचं आलं, भिंतीत कोनाचे दगड बसले की नाही, हे त्या बघायच्या. कागदावर ते बांधकामाचं काम होतं, मानसिक आरोग्याचं नव्हे. पण ज्या बाईला दिवसभर बघायला काम आहे आणि जिच्या शब्दाला गावात वजन आहे, ती बाई सावरते. माझ्या मते किल्लारीचा सर्वांत मोठा धडा हाच.

ओडिशात तो धडा नाव घेऊन आला. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली, तेव्हा अ‍ॅक्शनएड ही स्वयंसेवी संस्था आणि निम्हान्स यांनी गावातल्याच तरुण-तरुणींना ‘स्नेहकर्मी’ म्हणून तयार केलं. एकट्या पडलेल्या बायका, अनाथ मुलं, म्हातारी माणसं यांच्याकडे त्यांनी रोज जायचं, ऐकायचं आणि सरकारी कागदपत्रांतही मदत करायची. २००१च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातेत याच पद्धतीने कार्यकर्ते घडवले गेले.

२००४च्या त्सुनामीने मदतीचे दोषही उघडे पाडले. तामिळनाडूतल्या नागपट्टिणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कोळ्यांनी ते घेतले नाहीत. देणाऱ्याला ती मदत वाटली, घेणाऱ्याला ती भीक वाटली. त्याच तामिळनाडूत सरकारने एक फार समजूतदार गोष्ट केली. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि लेकरं गमावलेल्या आयांना ती उलटवण्यासाठी मदत दिली.

त्या दशकात जगभर एक चूकही सुधारली जात होती. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाकडून सगळं घडलेलं वदवून घ्यायचं, अशी एक पद्धत रूढ झाली होती. तिने फायदा होत नाही, काहींना तर त्रास वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं. मग सुरक्षित जागा, पाणी, झोप, हरवलेल्या नातेवाइकांचा पत्ता आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस, या क्रमाने ‘मानसिक प्रथमोपचार’ आला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी, आणि २००५च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये, यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद आता आहेत.

कागद असताना पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली. ३० जुलै २०१४, १५१ मृत्यू. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर तशीच दरड आली. २७ मृतदेह सापडले, शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. वाचलेली ठाकर आदिवासी कुटुंबं डोंगरावरची वाडी सोडून कंटेनरच्या घरांत राहिली. ज्याचं शरीर मिळालं नाही त्याचं सुतक कधी फिटायचं, हा प्रश्न शिबिरातल्या एका दिवसाच्या समुपदेशनाने सुटणारा नाही.

व्यवस्था अगदीच रिकामी आहे असं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, घरोघर जाऊन झोप, भूक, मनातले विचार यांबद्दल विचारतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू आहे, मराठीतूनही बोलता येतं. पण फोन उचलायला माणसात आधी तेवढी उभारी लागते. आशाताईला ती उभारी नसलेलं घरही ठाऊक असतं, आणि पंचनाम्याच्या दिवशी ती तलाठ्याबरोबर नसते. तिला त्या दिवशी सोबत न्यावं, एक ओळ लिहून घ्यावी, आणि सहा महिन्यांनी व वर्षश्राद्धाच्या सुमारास तिला त्याच दारात पुन्हा पाठवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, तिच्या मानधनात या दोन फेऱ्यांचे पैसे तेवढे धरावे लागतील.