ध्रुवीय उन्हाळ्यातले रडारचे प्रतिध्वनी

उत्तर ध्रुवीय प्रदेशात मे महिना संपत आला की रडारच्या पडद्यावर 80 ते 90 किलोमीटर उंचीच्या दरम्यान एक ठळक पट्टा उमटू लागतो, आणि ऑगस्टअखेर तो दिसेनासा होतो. अलास्कातल्या पोकर फ्लॅटच्या 50 मेगाहर्ट्झ रडारने 1980 च्या आसपास हे प्रतिध्वनी टिपले, तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले.

कारणही तसेच होते. रडारची लहर परत फिरायची तर मुक्त इलेक्ट्रॉनांची दाटी तिच्या निम्म्या लांबीएवढ्या अंतरांवर कमीजास्त व्हायला हवी. 50 मेगाहर्ट्झची लहर 6 मीटरची, म्हणजे हे चढउतार 3 मीटरचे हवेत. पण त्या विरळ हवेत एवढे बारीक भोवरे टिकतच नाहीत. घर्षणानेच ते जिरून जातात. मग रडारला दिसत होते ते काय?

उत्तर थंडीत दडले होते. चोवीस तास सूर्य मावळत नसताना त्या उंचीवर तापमान उणे 140 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. हिवाळ्यातही तिथे एवढी थंडी नसते! खालून चढणाऱ्या हवेच्या लहरी या उंचीवर फुटतात आणि वाऱ्यांना लगाम घालतात. त्यामुळे हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकते. तिची जागा घ्यायला खालची हवा वर येते, प्रसरण पावते आणि गारठते. तिथली नाममात्र वाफही मग गोठते. हे हिमकण काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे. ते इलेक्ट्रॉन पकडतात, आणि या जड, सुस्त कणांच्या विद्युतभारामुळे उरलेल्या इलेक्ट्रॉनांनाही पटकन विखुरता येत नाही. खळबळ शमली तरी तिचे ठसे मागे राहतात.

याची सर्वात देखणी पडताळणी नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ झाली. जमिनीवरून शक्तिशाली रेडिओलहरी सोडून शास्त्रज्ञांनी तिथले इलेक्ट्रॉन तापवले. तापलेले इलेक्ट्रॉन झपाट्याने विखुरले आणि प्रतिध्वनी जवळजवळ तत्क्षणी मंदावला. लहरी थांबवताच तो परतला. पुढच्या प्रयोगांत तर तो आधीपेक्षाही जोरकस होऊन परतला, कारण तापलेले इलेक्ट्रॉन हिमकणांना जास्त संख्येने चिकटले होते. हिमकणांशिवाय या वागण्याचा उलगडा होणे कठीण.

यांतलेच मोठे कण रात्री चमकणाऱ्या निळसर ढगांच्या रूपाने डोळ्यांना दिसतात. 1885 पासून त्यांच्या नोंदी आहेत. मात्र ध्रुवाजवळ उन्हाळ्यात आकाश काळवंडतच नाही, त्यामुळे ढग असूनही दिसत नाहीत. रडारला ना उजेडाची अडचण, ना खालच्या ढगाळ हवेची.