रविवारी अकरा वाजता अंडंच का?

१८९५ साली इंग्लंडमधल्या 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात गाय बेरिंजर या लेखकाने ब्रंचची, म्हणजे नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र करणाऱ्या खाण्याची, जाहीर मागणी केली. रविवारी चर्चहून आल्यावर मांसाचं भरगच्च जेवण कशाला? त्यापेक्षा दुपारच्या थोडं आधी, चहा-कॉफी आणि मार्मालेडपासून सुरू होणारं एकच खाणं ठेवावं, असं त्याचं म्हणणं. त्याचा खरा मुद्दा पोटाचा नव्हता, झोपेचा होता. शनिवारी रात्र जागवणाऱ्यांना रविवारी लवकर उठावं लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र हे खाणं त्याआधीच रुळलं होतं, आणि तेही नेमक्या उलट कारणाने. तिथल्या फ्रेंच मार्केटमधले खाटीक पहाटेपासून राबून अकराच्या सुमारास मोकळे होत. जर्मनीतून आलेल्या एलिझाबेथ बेगे त्यांना अनेक पदार्थांचा 'दुसरा नाश्ता' वाढत. १८८४ मध्ये शहरात कापसाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याला आलेल्या पाहुण्यांनी या टेबलांचा ताबा घेतला आणि खाटकांचं खाणं शौकिनांचं झालं. ब्रंच म्हणजे आळशांचं जेवण, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

त्याचा प्रसार व्हायला आठवड्याची सुट्टी मोठी व्हावी लागली. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू केला. १९३८ च्या कायद्यामुळे १९४० पासून अमेरिकेत बऱ्याच कामगारांसाठी आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आली. दोन सुट्ट्या लागून आल्या की त्यांच्या मधली रात्र लांबते आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आखडते. पुढे कायदेही या वेळेपुढे झुकले. रविवारी सकाळी हॉटेलात मद्य देण्यावर बंदी असलेल्या राज्यांनी मद्य द्यायला सुरुवात करण्याची वेळ अलीकडे आणली: न्यूयॉर्कने २०१६ मध्ये आणि नॉर्थ कॅरोलायनाने २०१७ मध्ये दुपारी १२ वरून सकाळी १० वर, जॉर्जियाने २०१८ मध्ये साडेबारावरून अकरावर. या कायद्यांना लोक सरळ 'ब्रंच बिल' म्हणत.

बेरिंजरने ज्या जागरणाची बाजू घेतली, त्याचं मोजमाप आज करता येतं. म्युनिकचे झोप-संशोधक टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' ही कल्पना मांडली: कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या झोपेच्या मध्यांमधला फरक. हिशोब सोपा आहे. कामाच्या दिवशी तुम्ही रात्री १२ ते सकाळी ६:३० झोपता, म्हणजे झोपेचा मध्य ३:१५. सुट्टीला २ ते १० झोपता, म्हणजे मध्य ६:००. फरक पावणेतीन तासांचा. विमानात न बसता दर आठवड्याला दोन-तीन कालपट्टे ओलांडून परत येण्यासारखं हे आहे. याच गटाच्या अभ्यासात झोपेची वेळ साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत उशिरा सरकलेली दिसते. ब्रंचच्या रांगेत तरुणच जास्त का, याचं निदान एक कारण इथे सापडतं.

पण शरीरात घड्याळ एकच नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ प्रकाशावर चालतं, तर यकृत आणि चरबीच्या पेशींमधली घड्याळं जेवणाच्या वेळेकडेही बघतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने २०१७ मध्ये १० पुरुषांची जेवणं सलग ५ तास उशिरा ढकलून पाहिली. मेलॅटोनिन आणि कॉर्टिसॉल या मुख्य घड्याळाची वेळ दाखवणाऱ्या संप्रेरकांची लय जागेवरच राहिली, पण रक्तातल्या साखरेची लय सुमारे पावणेसहा तास उशिरा सरकली. एका रविवारच्या ब्रंचने एवढं होईल असा त्याचा अर्थ नाही. तो प्रयोग रोजच्या उशिराचा होता.

मधुमेह असलेल्यांना मात्र एका दिवसाचाही फरक पडतो. टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांवरच्या २०१५ मधल्या अभ्यासात नाश्ता टाळून दुपारपर्यंत उपाशी राहिल्यावर त्याच दुपारच्या जेवणानंतरची साखर नाश्त्याच्या दिवसापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त चढली. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ सरकवू नये, कारण गोळी वेळेवर आणि जेवण तीन तास उशिरा ही जोडी धोक्याची. शॅम्पेन किंवा ब्लडी मेरी (टोमॅटोचा रस घातलेलं व्होडका) घेणाऱ्यांनी आधी काही खावं. रिकाम्या जठरातून मद्य लहान आतड्यात झटकन उतरतं आणि लगेच चढतं.

आता ताटाकडे. ब्रंचची सगळी भिस्त अंड्यावर, आणि त्यातही एग्ज बेनेडिक्टवर: भाजलेला इंग्लिश मफिन (गोल, चपटा पाव), वर हॅमचा काप, त्यावर कवचाबाहेर पाण्यात शिजवलेलं पोच्ड अंडं आणि बलक-लोण्याचा हॉलंडेज सॉस. याच्या जन्मावर न्यूयॉर्कमध्येच दोन दावे आहेत, एक डेल्मोनिको रेस्टॉरंटचा आणि दुसरा १८९४ मध्ये वॉल्डॉर्फ हॉटेलात हे मागवल्याचं सांगणाऱ्या लेम्युएल बेनेडिक्टचा. वाद मिटणारा नाही आणि खाणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

अडतं ते तापमानाशी. पांढऱ्यातली काही प्रथिनं ६१-६२ अंश सेल्सियसला आळायला लागतात, पण निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ८० च्या आसपासच घट्ट होतं. बलक ६५ ला दाट होतो आणि ७० ला बसतो. म्हणून पाणी ८२ ते ८५ अंशांवर ठेवायचं, तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत पण खळखळ नको, आणि अंडं ३ ते ४ मिनिटं. बाहेरचा पांढरा भाग आळतो तोवर बलकाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचलेली नसते.

पाण्यात पांढऱ्या चिंध्या पसरतात त्या बहुतेक शिळ्या अंड्यामुळे. कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याचा सामू (pH) ७.६ वरून ९.२ पर्यंत चढतो आणि त्याचा घट्ट भाग पातळ होतो. उपाय म्हणजे अंडं आधी बारीक छिद्रांच्या झाऱ्यात फोडून पातळ पांढरा भाग गळू द्यावा. एक लिटर पाण्यात १५ मिली व्हिनेगर घातलं की बाहेरचा थर लवकर आळतो. जास्त घातलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चवीला आंबट लागतो. पाण्यात भोवरा करण्याची युक्ती एकाच अंड्यापुरती बरी.

रेस्टॉरंटं शंभर ऑर्डरी सांभाळतात ती वेगळ्याच युक्तीने. अंडी आधीच थोडी कमी शिजवून बर्फाच्या पाण्यात टाकायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि वाढताना मिनिटभर ६० अंशांच्या पाण्यात सोडायची. ६० ला बलक बसत नाही, त्यामुळे अंडं गरम होतं पण पुढे शिजत नाही. स्वस्त कच्चा माल, आगाऊ तयारी आणि बऱ्यापैकी भाव: ब्रंच मालकांना का आवडतो, हे यात आलं.

सॉस मात्र असा आगाऊ करून फ्रिजमध्ये टाकता येत नाही. ३ बलक, १५ मिली पाणी, १५ मिली लिंबाचा रस आणि २०० ग्रॅम वितळलेलं लोणी. लिंबू सुरुवातीलाच घालावं, कारण आम्लामुळे बलकाच्या गुठळ्या उशिरा होतात. भांडं वाफेवर धरून मिश्रण दाट होईपर्यंत फेटायचं, मग लोणी आधी थेंबथेंब आणि नंतर बारीक धारेने. बलकातलं लेसिथिन (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) आणि प्रथिनं लोण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती बसतात आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत.

फुटलेल्या सॉसची कारणं दोन, आणि उपाय वेगवेगळे. कडेला तूप सुटलं असेल तर लोणी घाईने पडलंय किंवा पाणी कमी आहे. अशा वेळी दुसऱ्या भांड्यात चमचाभर गरम पाणी घेऊन त्यात फुटलेला सॉस थोडा थोडा फेटावा. रवाळ कण दिसत असतील तर बलक शिजलाय. तो पूर्ववत होत नाही; गाळून घ्यावा आणि नव्या बलकावर पुन्हा चढवावा.

तयार सॉस टिकवणं हे ब्रंचचं सर्वांत नाजूक काम. ६५ च्या वर तो फुटायच्या बेतात येतो, गार झाला तर लोणी गोठतं. अमेरिकी नियमांप्रमाणे गरम अन्न ५७ अंशांच्या खाली ठेवू नये. म्हणजे वापरायला उरते जेमतेम आठ अंशांची फट. पाश्चराइज्ड, म्हणजे जंतू मारण्यापुरती तापवलेली, अंडी वापरली तर पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंची भीती बरीच कमी होते. तरीही सॉस थोडा थोडा करावा आणि दोन तासांनी उरलेला फेकून द्यावा. नव्या सॉसमध्ये तो मिसळला, तर जुन्यातले जंतूही सोबत येतात.