कास्ट टाकला, वॉर्निंग गेली, चूक तिथेच

सी या प्रोग्रामिंग भाषेत कन्व्हर्जन आणि कास्ट हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कन्व्हर्जन म्हणजे एका टाइपची (डेटाच्या प्रकाराची) किंमत दुसऱ्या टाइपमध्ये जाणं. असाइनमेंटमध्ये, तुलनेत, बेरजेत ते न सांगता होतं. कास्ट म्हणजे तेच कन्व्हर्जन आपण कंसात टाइप लिहून मागणं. आठ बिटांच्या अनसाइन्डमध्ये (ऋण संख्या न ठेवणारा टाइप, यात ० ते २५५ एवढंच मावतं) ३०० कास्ट करून भरा नाहीतर तसेच भरा, उरणार ४४च. कास्ट नसेल तर कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कुरकुरतो, म्हणजे वॉर्निंग देतो. असेल तर ‘याला माहीत असेल’ असं समजून गप्प बसतो.

या गप्प बसण्याचीच मला धास्ती वाटते. समजा, नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटची लांबी साइन्ड इंटमध्ये (ऋण संख्याही ठेवणारा पूर्णांक) आहे आणि बफरचा, म्हणजे ते ठेवायच्या मेमरीतल्या जागेचा, आकार ६४, तो ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये. लांबी आकारापेक्षा मोठी असेल तर पॅकेट फेकायचं, एवढीच तपासणी. जीसीसी हा कंपायलर, डब्ल्यू-एक्स्ट्रा हा वॉर्निंगचा पर्याय लावला असेल तर, साइन्ड-अनसाइन्ड तुलनेची वॉर्निंग देतो. वॉर्निंग नको म्हणून कोणीतरी आकार इंटमध्ये कास्ट करतो आणि बिल्ड स्वच्छ होतो.

आता लांबी उणे १ आली तर? कास्ट नव्हता तेव्हा उणे १ चं अनसाइन्डमध्ये कन्व्हर्जन होऊन ४,२९,४९,६७,२९५ व्हायचे, ते ६४ पेक्षा मोठे, म्हणून पॅकेट फेकलं जायचं. नशिबानेच, पण फेकलं जायचं. कास्टनंतर उणे १ हे उणे १च राहतं, ६४ पेक्षा लहान ठरतं आणि तपासणीतून सुटतं. पुढे मेमकॉपीला (मेमरीतला डेटा कॉपी करणारं फंक्शन) लांबी अनसाइन्ड लागते, तिथे त्याचा पुन्हा अवाढव्य आकडा होतो आणि बफरच्या बाहेरची मेमरी तुडवली जाते. इथे कास्ट नकोच होता. लांबी शून्यापेक्षा कमी आहे का, हे आधी विचारायला हवं होतं. ते विचारून झाल्यावर मग लांबी खुशाल अनसाइन्डमध्ये कास्ट करा.

उलट, जिथे कास्ट खरंच लागतो तिथे कंपायलर अनेकदा चकार शब्द काढत नाही. ३२ बिटांच्या दोन अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये प्रत्येकी १,००,०००, आणि गुणाकार ६४ बिटांत ठेवायचा आहे. उत्तर येतं १,४१,००,६५,४०८. गुणाकार ३२ बिटांतच उरकतो, कन्व्हर्जन त्यानंतर होतं. लहानाचं मोठ्यात जातंय म्हणून जीसीसीचा डब्ल्यू-कन्व्हर्जन हा कन्व्हर्जनच्या वॉर्निंगचा पर्याय लावूनही वॉर्निंग येत नाही. (हा पर्याय डब्ल्यू-ऑल या नेहमीच्या वॉर्निंगच्या संचात नसतो, वेगळा लावावा लागतो.) इथे कास्ट हवा, पण गुणाकाराभोवती कंस करून त्यावर टाकलात तर फुकट: वरचे बिट तोवर गेलेले असतात. दोनपैकी एका संख्येवर टाका, मग दुसरीही आपोआप ६४ बिटांची होते आणि पूर्ण १०,००,००,००,००० हाती येतात.