अफिलिएट लिंक टाकताय? कमिशन मिळतं हे आधी लिहा

"भाऊ, फवारणीचा पंप कोणता घेऊ?" असं गावच्या ग्रुपवर कोणी विचारलं, की हल्ली उत्तरासोबत लिंकही येते. यवतमाळ-वाशीमकडची बरीच पोरं शेतीचे व्हिडिओ करतात, त्यांच्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की त्यांनाही कंपनीकडून चार पैसे कमिशन मिळतं; हीच अफिलिएट लिंक. ती कमाई हक्काची आहे. पण ती मिळते हे घेणाऱ्याला बोट लावण्याआधीच कळलं पाहिजे.

अशी लिंक टाकायला कुठलाही परवाना किंवा सरकारी अर्ज लागत नाही. 'नोंदणी करून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कागदपत्रं लागतात ती कंपनीच्या अफिलिएट कार्यक्रमात नाव नोंदवताना: पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं, पत्ता आणि तुमच्या पेज किंवा चॅनलची लिंक. वय 18 पूर्ण हवं. पॅन नीट भरा, नाहीतर टीडीएस (कमिशन हातात येण्याआधीच कापला जाणारा कर) 20 टक्क्यांनी कापला जाऊ शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधला आहे. त्याखाली जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी, सोप्या सूचना काढल्या. विकणाऱ्याशी पैसे, कमिशन, फुकट वस्तू, सवलत, नोकरी, नातं, यातला कसलाही संबंध असला तर ते सांगावं लागतं. म्हणजे मेहुण्याच्या कृषी केंद्राची तारीफ करतानाही. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत.

आता शब्दांचं. लिंकच्या अगदी वर, साध्या मराठीत लिहा: "या लिंकवरून पंप घेतला तर मला कमिशन मिळतं." वस्तू फुकट आली असेल तर: "हा पंप कंपनीने मला फुकट दिला." व्हिडिओ वऱ्हाडीत आणि खुलासा इंग्रजीत, हे चालत नाही, ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. हॅशटॅगच्या ढिगात, बायोमध्ये किंवा 'आणखी वाचा'च्या खाली लपवलेला खुलासा धरला जात नाही. व्हिडिओत तोंडानेही सांगा आणि पडद्यावरही दाखवा. लाइव्ह असेल तर तो सतत दिसता ठेवा. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय म्हणते, 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत हा खुलासा निदान 3 सेकंद दिसावा. "तुम्हाला जास्त पैसे पडणार नाहीत" हे मात्र किंमत स्वतः ताडून पाहिल्याशिवाय लिहू नका.

वापरलेलं नसेल तर तेही सांगा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक जण दगावले. मास्क, हातमोजे, पंप यांच्या लिंकवर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, म्हणून मी हे पुन्हापुन्हा सांगतो. आणि परवानगी नसलेल्या एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या जनुकीय बदलाच्या कपाशीच्या) बियाण्याची लिंक खुलासा लिहूनही वैध होत नाही.

जुन्या पोस्टही उघडा. जिथे लिंक अजून चालू आहे, तिथे वरचं वाक्य जोडा. कोणाच्या लिंकने फसगत झाली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.